लुओज्या टेकडीला चाळीस मिनिटे पुरत नाहीत
(चीनच्या सहली आखणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांना खुले पत्र)

प्रति,
चीनच्या सहली नेणाऱ्या महाराष्ट्रातील पर्यटन संस्थांचे चालक, सहल-नियोजक आणि टूर मॅनेजर यांस,

स. न. वि. वि.

भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा २०२० मध्ये थांबली होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. पहिली विमाने ग्वांगजौला उतरली. आपल्या कचेऱ्यांत आता चीनच्या सहलींची नवी पत्रके तयार होत असतील आणि त्यांतल्या काहींत ‘वूहान – चेरी ब्लॉसम’ अशी एक ओळ घालण्याचा मोह कोणाला तरी होईल, असे मी धरून चालतो. त्या एका ओळीविषयी हे पत्र आहे. लुओज्या टेकडीवरचा वूहान विद्यापीठाचा परिसर आपण सहलीत अवश्य घ्यावा, मात्र मार्चमधल्या चेरीच्या गर्दीत घेऊ नये, आणि घेतलाच तर त्याला निदान अर्धा दिवस द्यावा, एवढीच माझी विनंती आहे. ती मी वाऱ्यावर करीत नाही हे कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी सोलापूरचा. स्थापत्य अभियांत्रिकी शिकवण्यात माझी नोकरी गेली. माझी मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी वूहानमध्ये होती, तिथे शिकणाऱ्या शेकडो भारतीय मुलामुलींपैकी एक. त्या निमित्ताने २०१७ या एकाच वर्षात मी या परिसरात दोनदा गेलो. पहिल्यांदा मार्चमध्ये आपल्यासारख्याच एका संस्थेच्या सहलीतून, आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीत, एकटा, मुलीबरोबर. ही दोन वेगवेगळी ठिकाणे होती असे कोणी मला सांगितले असते तर मी वाद घातला नसता.

मार्चच्या सहलीत आम्ही बेचाळीस जण होतो. संस्थेचे नाव घेत नाही. माणसे भली होती आणि चूक हेतुपुरस्सर नव्हती. फुलांच्या दिवसांत विद्यापीठात शिरण्यासाठी आगाऊ नावनोंदणी लागते. ती करताना सहा जणांच्या पासपोर्टचे क्रमांक चुकीचे भरले गेले होते, त्यामुळे ते सहा जण बसमध्येच बसून राहिले. त्यांत गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. त्या आम्हाला म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या, मी भडंग खाते.” बस प्रवेशद्वाराबाहेर थांबली. तिथून चेरीच्या रस्त्यापर्यंतची चढणीची वाट गर्दीतून चालून गेलो, आणि पोहोचताच टूर मॅनेजरने झेंडी वर करून जाहीर केले की चाळीस मिनिटे आहेत, साडेबाराला बसमध्ये बसायचे, कारण एक वाजता भारतीय उपाहारगृहात जेवण सांगून ठेवले आहे. त्या चाळीस मिनिटांत मी काय पाहिले? माणसांच्या डोक्यांवर उंचावलेले हजारो मोबाईल, त्यांच्यावर पांढरट गुलाबी फुलांचा छत, आणि त्या फुलांमागे एक प्रचंड राखाडी भिंत, जिच्यावर खालपासून वरपर्यंत खिडक्याच खिडक्या होत्या. ती भिंत कशाची आहे हे मी विचारले. उत्तर आले, “काका, जुना किल्ला आहे.”

तो किल्ला नव्हता, हे मला ऑक्टोबरमध्ये कळले. ते विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे, १९३१ साली बांधून पूर्ण झालेले, आणि मी आयुष्यात पाहिलेल्या वसतिगृहांत बांधकामाच्या दृष्टीने सर्वांत देखणे.

थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्या मार्गदर्शकांच्या तोंडी तो यावा अशी माझी इच्छा आहे. छिंग राजवटीचा सुभेदार चांग चिह्-तुंग याने १८९३ साली वूचांगमध्ये, म्हणजे आजच्या वूहानच्याच एका भागात, एक नव्या धर्तीची पाठशाळा काढली. परकीय भाषा आणि शास्त्रे शिकून आपले आपण बलवान व्हावे, हा तिचा हेतू तिच्या नावातच होता. विद्यापीठ आपला जन्म तिथपासून मोजते. राष्ट्रीय विद्यापीठ म्हणून त्याची स्थापना १९२८ ची, आणि शहरातली दाटीवाटीची जागा सोडून ते सरोवराकाठच्या या टेकड्यांवर आले १९३२ मध्ये. नव्या परिसराच्या बांधकाम समितीचे प्रमुख ली सिग्वांग हे भूगर्भशास्त्रज्ञ होते. दगडाची पारख असलेल्या माणसाकडे जागेचे काम सोपवल्यावर टेकडी सपाट करण्याची घाई झाली नाही, हे मला आमच्या क्षेत्रातला माणूस म्हणून फार महत्त्वाचे वाटते. इमारतींचे आराखडे एफ. एच. केल्स या अमेरिकन वास्तुविशारदाने केले.

टेकडीचे नावही ऐकण्यासारखे आहे. स्थानिक बोलीतले जुने नाव साधेच होते. तिथे साहित्य विभागाचे प्रमुख असलेले कवी वन इदुओ यांनी उच्चार जवळपास तोच ठेवून अक्षरे बदलली आणि ‘लुओज्या’ असे नाव रूढ केले. त्यातल्या एका अक्षराचा संबंध रत्नासारख्या कठीण दगडाशी आहे, दुसऱ्याचा स्त्रियांच्या प्राचीन शिरोभूषणाशी. योगायोग असा की बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचे निवासस्थान मानला जाणारा पोतलक पर्वत चिनी भाषेत ज्या अक्षरांनी लिहितात, त्यांच्या शेवटच्या दोन अक्षरांचा नाद हाच आहे. कान्हेरीच्या किंवा अजिंठ्याच्या लेण्यांत अवलोकितेश्वर पाहिलेल्या आपल्या प्रवाशाला एवढे एक वाक्य सांगितले, तर तो त्या टेकडीकडे निराळ्या नजरेने पाहील. त्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागत नाही.

आता त्या वसतिगृहाविषयी. सिंहाच्या आकाराची म्हणून ओळखली जाणारी एक लहान टेकडी, तिच्या दक्षिण उतारावर चार लांबलचक इमारती पायऱ्यापायऱ्यांनी चढवलेल्या आहेत. इमारतींच्या मधून तीन उंच कमानी आणि त्यांतून वर जाणारे दगडी जिने, आणि प्रत्येक कमानीच्या डोक्यावर निळसर हिरव्या झिलईच्या कौलांचा एक मंडप. उतार असल्यामुळे प्रत्येक मजल्याची जमीन वेगळ्या पातळीवर येते, पण वरचे छप्पर मात्र एका रेषेत. चिनी लोक याचे वर्णन मोजक्या शब्दांत करतात, त्याचा अर्थ ‘आकाश सपाट, जमीन उंचसखल’. खरी गंमत पुढे आहे. तुम्ही जिना चढून वर येता, समोर जुने ग्रंथालय दिसते, त्याच्यापुढे ऐसपैस अंगण असते, आणि त्या अंगणात पाचसात मिनिटे फिरल्यावर कोणी तरी सांगते की तुम्ही वसतिगृहाच्या गच्चीवर उभे आहात. खाली मुले झोपली आहेत. तीस वर्षे मी मुलांना उताराच्या जागेवर बांधकाम कसे करावे ते फळ्यावर काढून दाखवले. हा जिना आधी पाहिला असता तर माझे निम्मे खडू वाचले असते.

या वसतिगृहाच्या एकेका भागाला क्रमांक नाहीत, अक्षरे आहेत. चीनमध्ये शतकानुशतके लहान मुलांना लिहायला शिकवण्यासाठी एक हजार अक्षरांची एक पद्यरचना वापरली जात असे. तिची पहिली सोळा अक्षरे ओळीने या सोळा भागांना दिली आहेत. आकाश, पृथ्वी, काळोखी, पिवळी, असे करत सूर्य, चंद्र आणि नक्षत्रांपर्यंत. ‘तू कुठे राहतोस?’ या प्रश्नाला तिथला विद्यार्थी ‘आकाशात’ किंवा ‘चंद्रात’ असे उत्तर देऊ शकतो. मुलीने दारावरचे एक अक्षर मला वाचून दाखवले तेव्हा माझ्या तोंडून आपसूक ‘श्रीगणेशा’ निघाले, कारण आपल्याकडे पाटीवर पहिल्यांदा काय लिहीत होतो ते आठवले.

आम्ही त्या दारापाशी उभे असतानाच आतून एक मुलगा बाहेर आला. पायांत सपाता, एका हातात गरम पाण्याचा लाल प्लॅस्टिकचा थर्मास, दुसऱ्या हातात टूथब्रश. आम्हाला पाहून तो थबकला आणि भिंतीला लागून उभा राहिला. आमचा फोटो काढून होईपर्यंत थांबावे असे त्याला वाटले होते. मुलीने त्याला चिनी भाषेत सांगितले की आम्ही फोटो काढत नाही. तो हसला आणि दोन वाक्ये बोलून निघून गेला. तो काय म्हणाला ते मी विचारले. तो म्हणाला होता, “मार्चमध्ये आम्ही कपडे खोलीतच वाळत घालतो. नाहीतर आमचे बनियन सगळ्या देशाच्या फोटोंत जातात.”

हे वाक्य मी आपल्यासाठीच जपून ठेवले होते. आपल्या पत्रकात हा परिसर ‘स्पॉट’ असतो, पण तिथे हजारो मुले राहतात, अभ्यास करतात, नापास होतात, रडतात. मार्चच्या त्या दोन आठवड्यांत त्यांना वर्गापर्यंत पोहोचण्यासाठी आपल्यासारख्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. विद्यापीठाने यावर उपाय म्हणून पूर्वी प्रवेशशुल्क लावले, नंतर ते काढून आगाऊ नोंदणी आणि रोजची मर्यादा आणली. यातले काहीही मला अवाजवी वाटत नाही. आपल्या एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात बारावीच्या परीक्षेच्या आठवड्यात रोज हजारो पर्यटक आले, तर आपण काय करू याचा विचार करावा.

जुन्या ग्रंथालयाच्या दारावर लोखंडी पट्ट्यांतून कोरलेली लाओत्से यांची आकृती आहे. ग्रंथालयावर तत्त्वज्ञ कशाला, असे मला वाटले. परंपरा असे सांगते की लाओत्से हे चौ राजांच्या दप्तरखान्याचे रक्षक होते, म्हणजे एका अर्थाने चीनचे आद्य ग्रंथपाल. त्याच्या पलीकडे, खोलगट मैदानाच्या दोन टोकांना, दोन इमारती एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. विज्ञान महाविद्यालयाला गोल घुमट आहे, तर अभियांत्रिकीच्या इमारतीला, जिथे आता प्रशासन आहे, चौकोनी छप्पर. आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी, ही जुनी चिनी कल्पना. काँक्रीट आणि पोलाद यांच्या सांगाड्यावर राजवाड्याची कौले चढवण्याचा हा प्रकार काही ठिकाणी नाटकी दिसतो, हे मी लपवणार नाही. व्यायामशाळेचे छप्पर मला जरा जास्तच झाले असे वाटले. पण तिच्यामागची हकीगत चांगली आहे. १९११ च्या वूचांग उठावातून पुढे आलेले आणि दोनदा चीनचे राष्ट्राध्यक्ष झालेले ली युआनहोंग यांच्या मुलांनी दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली आणि तिला त्यांचेच नाव दिले गेले. हा सगळा जुना इमारतसमूह २००१ पासून राष्ट्रीय पातळीवर संरक्षित वारसा आहे.

आता चेरीकडे येतो, कारण आपले प्रवासी तीच मागतात हे मला ठाऊक आहे. मार्चच्या सहलीतल्या मार्गदर्शकाने आम्हाला सांगितले की ही झाडे ‘जपान-चीन मैत्रीची खूण’ आहेत. हे अर्धेच खरे आहे, आणि वगळलेला अर्धा भाग फार बोचरा आहे. ऑक्टोबर १९३८ मध्ये वूहान जपानी सैन्याच्या हाती पडले. विद्यापीठ त्याआधीच पश्चिमेकडे सछ्वान प्रांतातल्या लशान या गावी हलवले गेले होते आणि ते १९४६ पर्यंत परतले नाही. रिकाम्या परिसरात जपानी लष्कराने आपले ठाणे केले, जखमी सैनिकांना ठेवले, आणि १९३९ मध्ये घराची आठवण म्हणून चेरीची पहिली झाडे लावली. म्हणजे ज्या रस्त्यावर आपण हसत फोटो काढतो, त्याची सुरुवात कब्जेदार सैन्याने लावलेल्या रोपांपासून आहे. पुढे १९७२ मध्ये दोन देशांचे संबंध पूर्ववत झाले, तेव्हा जपानचे पंतप्रधान काकुएई तानाका यांच्याकडून भेट आलेल्या चेरींपैकी काही रोपे चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांच्यामार्फत या विद्यापीठाला मिळाली, आणि नंतरच्या काळात जपानी मित्रमंडळींकडून आणखी आली. युद्धकाळातल्या झाडांचे आयुष्य केव्हाच सरले. आज दिसतात ती बहुतेक नंतरची. तरीही जखम बुजलेली नाही. २००९ साली किमोनो हा जपानी पोशाख घालून तिथे छायाचित्रे काढणाऱ्या एका आई-मुलीला विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून बाहेर काढले होते. एका संस्थेच्या जाहिरातीत ‘किमोनो फोटोशूट’ची सोय पाहिली होती. ती जपानच्या सहलीची होती हे माहीत आहे, पण तीच कल्पना उचलून वूहानला नेऊ नये म्हणून मुद्दाम लिहितो.

या वर्षाचा, १९३८ चा, माझ्या गावाशी संबंध आहे. चीनमधल्या जखमींच्या मदतीला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. नागपूरचे डॉ. चोळकर आणि अन्य तीन डॉक्टर यांच्यासह ते सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले, ग्वांगजौला उतरले आणि तिथून वूहानला पोहोचले. शहर पडण्याच्या आधीचे अखेरचे आठवडे ते होते. यांगत्सेच्या उत्तर तीरावरच्या हानकोवमध्ये जखमींवर उपचार करून पथक नदीच्या वरच्या अंगाने चोंगछिंगकडे सरकले आणि पुढे येनानला गेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हपेइ प्रांतात कोटणीसांचा मृत्यू झाला. ‘के तिहुआ’ हे त्यांचे चिनी नाव आजही तिथल्या लोकांना माहीत आहे. मी माझ्या मुलीच्या शिक्षकांसमोर सोलापूर हे नाव घेतले आणि पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही, कारण ते उठून उभे राहिले होते.

नदीच्या दक्षिणेला, लुओज्या टेकडीवर, त्याच १९३८ मध्ये प्राध्यापकांसाठी बांधलेल्या बंगल्यांत चाऊ एन लाय राहत होते, आणि जवळच्याच एका बंगल्यात लेखक कुओ मो-रो. झाडीत लपलेले हे राखाडी विटांचे बंगले आजही आहेत. तिथे कोणी जात नाही. मी गेलो तेव्हा एक म्हातारा माणूस पायऱ्यांवर बसून रेडिओवर ऑपेरा ऐकत होता. माझी एक हात जोडून विनंती आहे: आपले मार्गदर्शक मराठी गटाला खूश करण्यासाठी ‘कोटणीस इथेच राहिले’ असे काही सांगू लागतील तर त्यांना थांबवा. ते नदीपलीकडे होते. एकाच शहरात, एकाच शरद ऋतूत, नदीच्या एका बाजूला आपला माणूस पट्ट्या बांधत होता आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या झालेल्या विद्यापीठात युद्धाचे डावपेच आखले जात होते, हे सांगितले तरी गटातला प्रत्येक जण गप्प होईल. कमी-जास्त काही जोडायची गरज नाही.

आता व्यवहाराचे बोलतो. आपण म्हणाल, प्रवासी फुले पाहायला पैसे देतो, इतिहास ऐकायला नाही. पण मार्चमध्ये येतो कोण? आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतात, मुलांसह कुटुंबे येऊच शकत नाहीत. एप्रिल-मे हा आपला हंगाम. तोवर चेरी झडून गेलेली असते, आणि वूहानचा उन्हाळा तर चीनमध्ये ‘भट्टी’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. उरते ती दिवाळीची सुट्टी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनमध्ये राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते, तेवढी टाळून महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात गट नेला, तर हवा पुण्याच्या नोव्हेंबरसारखी मिळते. या परिसरात चेरीखेरीज आणखी तीन बागा झाडांच्या नावाने ओळखल्या जातात: प्लम, मेपल आणि क्वेइहुआ. क्वेइहुआची फुले तांदळाच्या दाण्याएवढी, बघायला काहीच नाहीत. पण संध्याकाळी त्या बाजूने गेलो तर जर्दाळूच्या जॅमची बरणी कोणीतरी नुकतीच उघडली असावी असा वास सगळ्या रस्त्याला येत होता. तो फोटोत येत नाही, हीच आपली अडचण असेल.

मार्गाचीही अडचण नाही, उलट सोय आहे. विमान ग्वांगजौला उतरते. ग्वांगजौ ते पेइचिंग या वेगवान रेल्वेवर वूहान बरोबर मध्ये येते, दोन्हीकडून चार-पाच तासांच्या अंतरावर. म्हणजे सहल एका दिशेने सरळ वर जाते, आणि मध्ये एक मुक्काम मिळतो. दक्षिणेकडून ग्वांगजौमार्गे वूहानला येण्याची ही वाट आपल्या डॉक्टरांनी १९३८ मध्ये धरली होती, हे पत्रकात लिहायला हरकत नाही.

मुक्काम झाला तर सकाळी लवकर, आठच्या आत, गटाला टेकडीवर न्यावे. दहा-बारा जणांचे तुकडे करावेत, कारण त्या जिन्यांवर बेचाळीस जण एकदम चढले की खाली येणाऱ्या विद्यार्थ्याला जागाच उरत नाही. कर्णा वापरू नये. वसतिगृहाच्या खिडक्यांकडे कॅमेरा रोखू नये. नोंदणीचे नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून निघण्याआधी स्थानिक प्रतिनिधीकडून लेखी खात्री करून घ्यावी आणि पासपोर्टचे क्रमांक दोघांनी तपासावेत. आजींचे गुडघे लक्षात ठेवून, ज्यांना चढण जमणार नाही त्यांना सरोवराच्या काठाकाठाने नेणारा सपाट रस्ता आधीच ठरवून ठेवावा. तोंगहू सरोवराचे पाणी सुमारे ३३ चौरस किलोमीटरवर पसरले आहे. एप्रिल २०१८ मध्ये नरेंद्र मोदी आणि शी जिनपिंग यांची अनौपचारिक भेट याच शहरात झाली आणि दोघे याच काठावर फिरले होते, हे आजींना सांगितले तर त्यांची टेकडी हुकल्याची खंत बरीच कमी होईल.

जेवणाविषयी एक सूचना. एक वाजताचे भारतीय उपाहारगृह सोडू नका असे मी म्हणणार नाही, माझ्याच गटात ते सोडले असते तर बंड झाले असते. पण सकाळची न्याहारी तरी वूहानची द्यावी. तिळाच्या दाट कुटात घोळलेल्या, रस्सा नसलेल्या कोरड्या गरम नूडल्स, हा तिथला नाश्ता, आणि माणसे तो उभ्या उभ्या, चालता चालता खातात. मांस नको असे आधी सांगितले तर शाकाहारी माणसालाही चालतो. चव ओळखीची वाटते, दाण्याच्या कुटाऐवजी तिळाचा कूट एवढाच फरक. विद्यापीठाची भोजनालये मात्र विद्यार्थ्यांसाठी सोडावीत.

आणि जुनी कमान. प्रवेशद्वारावर चार खांबांची जी कमान सगळे जण फोटोत घेतात, ती अलीकडची आहे. तीसच्या दशकातली, पहिली लाकडी कमान वादळात पडल्यावर बांधलेली काँक्रीटची मूळ कमान बाहेर, शहराच्या रस्त्याच्या तोंडाशी उभी आहे. तिच्या मागच्या बाजूला सहा अक्षरे आहेत: साहित्य, कायदा, विज्ञान, अभियांत्रिकी, शेती, वैद्यक. विद्यापीठ काय काय शिकवू पाहत होते, ते शहराकडे पाठ करून, आतल्यांना वाचता येईल असे लिहिलेले. बस तिच्यावरूनच जाते, फक्त कोणी मान वळवत नाही.

शेवटचा मुद्दा, जो आपण मला पत्रोत्तरी विचारालच. ‘वूहान म्हटले की लोक कोरोना म्हणतात, बुकिंग होत नाही.’ मला त्याची कल्पना आहे. फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या दोन दिवसांत एअर इंडियाच्या दोन विमानांनी वूहानमधून सहाशेहून अधिक भारतीयांना दिल्लीला आणले. त्यांत माझी मुलगी होती, आणि त्या दोन रात्री आमच्या घरात कोणी झोपले नव्हते. त्या वर्षी चेरी फुलली तेव्हा शहर बंद होते. परिसर रिकामा होता आणि लोकांनी ती फुले पडद्यावर पाहिली. पुढच्या वर्षी, मार्च २०२१ मध्ये, विद्यापीठाने चेरीच्या हंगामातले दोन दिवस खास डॉक्टर-परिचारिकांसाठी राखून ठेवले होते. मुलीने ती छायाचित्रे मला पाठवली. त्यांत एक परिचारिका वसतिगृहाच्या त्या जिन्यावर बसून, मास्क हनुवटीखाली ओढून, डब्यातले काहीतरी खात होती, आणि तिच्या मागच्या खिडकीच्या दोरीवर एक निळा टॉवेल वाळत होता.

दिवाळीच्या सहलींची नोंदणी बहुतेक संस्था पावसाळ्याआधी सुरू करतात. त्या पत्रकांत वूहानसाठी जागा शिल्लक असेल तर कृपया एक रात्र आणि एक सकाळ एवढी ठेवावी. मार्गदर्शकांना सांगायच्या गोष्टींची टिपणे मी मराठीत काढून ठेवली आहेत. ज्या संस्थेला हवी असतील तिला ती विनामूल्य देईन, आणि गटाबरोबर येण्याचा आग्रह धरणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सोलापूरचा एक निवृत्त अध्यापक